चमचाभर विरजण

मी नातीची खोली रिकामी करायला गेले होते, असं सगळे म्हणतात. म्हणोत. कपडे, पुस्तकं आणि चादरी गोळा करायला एक माणूस पुरे होता, आणि तिचा बाप जाणारच होता. मी गेले विरजणासाठी. चमचाभर विरजण. तेवढं पदरात पडलं की परत फिरायचं, असं मनाशी धरून या गुडघ्यांनी मी एवढा लांबचा प्रवास केला.

विरजण म्हणजे काय, हे हल्लीच्या बायकांना सांगावं लागतं, म्हणून सांगते. दही कधी संपवायचं नसतं. चमचाभर मागे ठेवायचं आणि पुढच्या कोमट दुधात तेच घालायचं. म्हणजे आजचं दही कालच्या दह्याचं लेकरू. आमच्या घरचं विरजण माझ्या सासूने तिच्या माहेराहून आणलेलं. सासू म्हणायची, घरातलं माणूस एक वेळ उपाशी राहिलं तरी चालेल, विरजण उपाशी राहता कामा नये. माझा नवरा दवाखान्यात शेवटचे श्वास मोजत होता, तेव्हासुद्धा मी घरी येऊन आधी दूध विरजायला लावलं, मग रडले. कुणी काही म्हणो. दही म्हणजे सुरीने कापावं असं. आंबट नाही, चिकट नाही, वर पाण्याचा थेंब नाही. शेजारणी वाटी घेऊन दारात यायच्या. मी द्यायची. वर दोन टोमणेही द्यायची, पण द्यायची.

नातीला आम्ही भिंगरी म्हणायचो. पाय म्हणून घरात ठरत नसे. ती अंगावर पीत होती तेव्हाच तिची आई गेली, त्यामुळे तिला मोठं केलं ते मीच. शिकायला परदेशी जायचं ठरलं तेव्हा मी एक पांढरं सुती फडकं दह्यात बुडवलं, सावलीत वाळवलं, पुन्हा बुडवलं, पुन्हा वाळवलं, असं करत करत ते पापडासारखं कडक केलं आणि एका लहान गाडग्यात घालून तिच्या कपड्यांच्या मधोमध ठेवलं.

"आजी, हे काय? तिथे दही मिळतं गं!"

"मिळतं ते दही नव्हे. पोचलीस की कोमट दुधात हे फडकं टाक. आणि लागलं की मला फोन कर. परीक्षेत पास झालीस, तो फोन नंतर केलास तरी चालेल."

पोचली, आणि तिसऱ्याच दिवशी फोन. "आजी, लागलं!" अशी ओरडली की मी फोन कानापासून लांब धरला.

"पाणी सुटलंय का?"

"थोडंसं."

"हलवलं असशील. झोपलेल्याला हलवतात का?"

हे आमच्या घरातलं बोलणं. दूध लावून झाकून ठेवलं की ते झोपलं. मग त्याच्या आसपास आपटाआपटी नाही. भिंगरी लहान असताना मी तिला म्हणायची, "शू, झोपलंय!" आणि ती एवढीशी पोर, सगळ्या घरात तीच एक धावणारी, चवड्यांवर चालत गाडग्यापाशी जायची आणि कान लावून बसायची.

मग एके दिवशी सकाळी कॉलेजला जाताना तिच्या सायकलला ट्रकने वळणावर गाठलं. याच्यापुढे त्याबद्दल मी काही लिहिणार नाही. तिला घरी आणलं, तिचं सगळं केलं.

त्या दिवसांत आमच्या घरात कुणी दूधच घेतलं नाही. मी एका कोपऱ्यात बसलेली, तिचा बाप दुसऱ्या. घरात बायका आल्या, भल्या बायका, त्यांनी चुलीपासून मोरीपर्यंत सगळं घासून लख्ख केलं. मी पहिल्यांदा उठून फडताळाशी गेले तेव्हा दह्याचं भांडं पालथं घातलेलं होतं. शेजारची मास्तरीण म्हणाली, "काकू, त्याला बुरशी आली होती, मी टाकून दिलं." मी तिला काय बोलणार? तिने माझ्या मोऱ्या घासल्या होत्या.

मग मी वाटी घेऊन निघाले. ज्या ज्या दारांनी माझ्याकडून विरजण नेलं होतं, त्या त्या दारी गेले. एकीने बंद केलं होतं, गुडघे दुखतात म्हणे आंबटाने. एकीची सून दुकानातून डबा आणते. एकीने तर मला डब्यावरची तारीख वाचून दाखवली, किती ताजं आहे म्हणून! मी म्हटलं, बाई गं, तारीख असते ती माणसाच्या मरणाची, दह्याची नसते. माझं विरजण एवढ्या घरांत गेलं आणि एकाही घरात उरलं नाही.

तेव्हा आठवलं. भिंगरी फोनवर सांगायची, "आजी, तुझं दही इथे सगळे खातात!" सगळे. म्हणजे तिथे आहे.

मुलाला म्हटलं, तिची खोली आवरायला मी पण येते. तो तेव्हा काहीच बोलत नव्हता. 'हो' नाही, 'नाही' नाही, जेवण पुढे ठेवलं तर जेवायचा.

भिंगरी राहायची ती इमारत म्हणजे लांबच लांब बोळ आणि दोन्ही बाजूंना दारं. एका बोळातल्या सगळ्यांना मिळून एक स्वयंपाकघर. दार उघडलं ते एका मुलाने. इतका उंच की आमची पिशवी उचलायला वाकला आणि सरळ होताना चौकटीला डोकं आपटलं. मी मनातल्या मनात त्याचं नाव उंट ठेवलं. त्याच्या मागे एक ठेंगणी, गुबगुबीत पोर, दोन्ही हात कोपरापर्यंत पिठाचे. हातातलं लाटणं खाली ठेवायचंही तिला भान नव्हतं. आणि तिसरी चष्मेवाली. तिची आई आमची भाषा बोलणारी, म्हणून हिलाही येत होती, मोडकीतोडकी.

"आजी," ती म्हणाली, "तू दमली. तू बस."

मला 'आजी, तू' म्हणणारं जगात एकच माणूस होतं. मी बसले.

माझा मुलगा सरळ तिच्या खोलीत गेला आणि दार लोटून घेतलं. मी स्वयंपाकघर बघत राहिले. चार शेगड्या, लांब टेबल, टेबलाभोवती एकीसारखी एक नसलेल्या खुर्च्या. मोठा फ्रिज. चष्मेवालीने पाण्याची बाटली काढायला तो उघडला तेव्हा मान लांब करून मी आत डोकावले. लाजायचं काय? गाडगं दिसलं नाही.

"आधी इथे सगळ्यांच्या डब्यांवर नावं होती," चष्मेवाली सांगायला लागली; तिचं मोडकंतोडकं मी इथे सरळ करून लिहिते. "माझं दूध, तुझं लोणी. कुणी कुणाचं खायचं नाही. सगळे आपापलं शिजवायचे आणि खोलीत नेऊन, दार लावून खायचे. मी तर या उंचाशी वर्षभर बोलले नव्हते. मग दही आली."

"दही आलं," मी म्हटलं.

"नाही आजी. दही आली. आम्ही तिला दही म्हणायचो."

मी कपाळाला हात लावला. एवढी गोरीगोमटी, शिकलेली पोर, आणि नाव काय, तर दही! घरी कळलं असतं तर मी त्या सगळ्यांची हजेरी घेतली असती.

"तिने ते मातीचं भांडं फ्रिजच्या मधल्या फळीवर ठेवलं. नाव न घालता. आम्ही विचारलं, हे कुणाचं? ती म्हणाली, चमचा ज्याच्या हातात आहे त्याचं."

हे काही मी तिला शिकवलं नव्हतं.

मग म्हणे उंटाने त्यात काकडी आणि लसूण घालून गार सार केलं, त्याची आई उन्हाळ्यात करते तसं. लाटणंवालीने ते कणकेत घातलं आणि भाकऱ्या टम्म फुगवल्या. चष्मेवाली मीठ घालून नुसतं घुसळून प्यायची. एकेकाला आपल्या घरची आठवण झाली आणि एकेक जण आपलं ताट घेऊन टेबलावर येऊन बसला. मग रविवार ठरला. दर रविवारी एकाने आपल्या घरचं करायचं आणि बाकीच्यांनी नाक न मुरडता खायचं. फोडणीच्या धुराने छतावरची घंटा बोंबलायला लागली की उंटाने खुर्चीवर न चढताच तिच्याखाली पंचा हलवायचा, ती त्याची ड्यूटी.

"आज रविवार नाही," चष्मेवाली म्हणाली, "पण तुझ्यासाठी आम्ही आज केला."

टेबल भरलं. मी खोटं बोलणारी नव्हे. सारात लसूण इतका की समोरच्याने सांभाळून बसावं. एका भांड्यात आंबवलेली कोबी होती, तिच्या वासाने माझे डोळे उघडले, आणि मी तसं म्हटलंही. चष्मेवालीने ते भाषांतर केलं तर सगळे हसले आणि मग हसलो म्हणून एकमेकांकडे चोरट्यासारखे बघायला लागले. भाकरी मात्र झकास होती. मी लाटणंवालीला म्हटलं, "तुझ्या आईला सांग, पोरीचा हात चांगला आहे." तिला ते कळवलं तर ती पिठाच्या हातांनीच डोळे पुसायला लागली आणि अख्खं तोंड पांढरं करून घेतलं.

माझा मुलगा येऊन बसला होता. समोर वाढलेलं खात होता.

मी वाट बघत होते. ताकाला जाऊन भांडं लपवायचा माझा स्वभाव नव्हे, पण त्या टेबलावर माझी जीभ उचलत नव्हती. भरल्या ताटावरून कसं मागायचं? एवढ्यात लाटणंवालीच्या हातातून झाकण पडलं, खण्णकन. आणि उंट, ज्याला आमच्या भाषेतलं एक अक्षर येत नव्हतं, त्याने ओठांवर बोट ठेवलं आणि स्पष्ट म्हणाला,

"शू! झोपलंय!"

माझ्या हातातला घास हातातच राहिला. सासूचं बोलणं, माझं बोलणं, आणि भिंगरीचा हेलसुद्धा त्यात होता. 'शू' लांबवायचा आणि 'झोपलंय' पटकन संपवायचं. मुलाने मान वर केली आणि त्या उंटाकडे बघतच राहिला.

"ती आम्हाला हात लावू द्यायची नाही," चष्मेवाली म्हणाली. "दूध लावायचं तीच. म्हणायची, तुमच्या हाताला घाई आहे. खायला सगळे, लावायला ती एकटी."

मी चमचा खाली ठेवला. "मग आता कोण लावतं?"

मग चष्मेवालीने खुर्ची माझ्याजवळ ओढली आणि माझा हात हातात घेतला. चांगलं काही सांगायचं असलं की माणूस घेतं, तसा.

"आजी, तुला सांगायचंच होतं. त्या दिवशी आम्ही दवाखान्यातून परत आलो. सकाळपासून कुणी काही खाल्लं नव्हतं. फ्रिज उघडला तर तिचं भांडं. रात्री तिने लावलं होतं, सकाळी आत ठेवून गेली. कुणी मोडलेलं नव्हतं, वर एक रेघ नव्हती. आम्ही सगळे या टेबलाशी बसलो आणि ते वाटून खाल्लं. सगळ्यांनी सारखं. मग हिने भाकरीच्या तुकड्याने भांडं आतून पुसलं आणि तो तुकडाही आम्ही वाटून घेतला. एक थेंब वाया घालवला नाही, आजी. आम्ही तिचं काही वाया घालवलं नाही."

तिघांचे डोळे माझ्यावर. मी काहीतरी चांगलं म्हणेन याची वाट बघत होती पोरं. त्यांच्या मते त्यांनी माझ्या नातीचा शेवटचा घास सोन्यासारखा सांभाळला होता. आणि सांभाळला होताच. पण चमचाभर मागे ठेवायचं असतं, हे त्यांना कुणी सांगितलं होतं? ती सांगायच्या आधीच गेली. आणि ठेवलं असतं तरी लावणार कोण, ती तर गेली होती.

माझी जीभ सगळ्या आळीला ठाऊक आहे. पण त्या पोरांवर ती चालवायची नव्हती. मी एवढंच विचारलं, "गाडगं कुठाय?"

लाटणंवाली धावत गेली. गाडगं फडताळात वरच्या फळीवर ठेवलं होतं, फुलदाणीसारखं. गरम पाण्याने, साबणाने घासघासून धुतलेलं. आत नाक घातलं तर लिंबाच्या साबणाचा वास.

तरी मला वाटलं, माती आहे. माती पाणी धरते, तेल धरते, वास धरते. तिच्या एखाद्या छिद्रात, कुठे तरी, कणभर... माणूस वेडं असतं. मी दूध मागवलं. उंट चपला न घालताच खाली पळाला आणि घेऊन आला. मी ते उकळलं, करंगळी बुडवून बघितली, सोसवेल इतकं होईपर्यंत थांबले, आणि गाडग्यात ओतलं. त्यात घालायला काही नव्हतं. नुसतंच झाकलं. भिंगरीच्या खोलीत जाऊन तिचा लोकरीचा स्वेटर आणला, मुलाने नुकताच घडी करून पेटीत ठेवलेला, आणि गाडग्याभोवती गुंडाळला. बाह्यांची गाठ मारली.

चष्मेवालीच्या तेव्हा लक्षात आलं. ती माझ्याकडे बघत होती, मग गाडग्याकडे, मग पुन्हा माझ्याकडे. "आजी," ती हळू म्हणाली, "थोडं ठेवायला पाहिजे होतं का?"

"झोपा जा," मी म्हटलं.

पण तिने बाकीच्यांना सांगितलं असावं, कारण त्या संध्याकाळी त्या अख्ख्या बोळात एकाही दाराचा आवाज झाला नाही. पोरं चवड्यांवर चालत होती. धिप्पाड उंटसुद्धा भिंत धरून, चोरासारखा. पाणी प्यायला कुणी आलं तर पेला कापडावर ठेवायचं. मी नातीच्या गादीवर पडून ऐकत होते. काही ऐकू येत नव्हतं, तेच ऐकत होते.

सकाळी मी गेले तर सगळी आधीच टेबलाशी बसलेली. हात मांडीवर, परीक्षेला बसल्यासारखी. मुलगा खिडकीशी उभा. मी बाह्यांची गाठ सोडली. झाकण काढलं. गाडगं जरासं तिरकं केलं.

दूध काठाला गेलं आणि परत आलं.

दूधच ते. दुसरं काय होणार होतं? घातल्याशिवाय लागत नाही, हे मीच साऱ्या जगाला शिकवलेलं.

चष्मेवालीचा बांध फुटला. "आम्ही खाऊन टाकलं, आजी! आम्हीच संपवलं!" तिचं बघून लाटणंवाली, आणि उंट तर टेबलावर कपाळ टेकून एवढ्या मोठ्याने रडायला लागला की मला वाटलं छतावरची घंटा वाजेल.

मला रडायचं होतं. मी तेवढ्यासाठीच आले होते असंही म्हणता येईल. पण समोर तीन पोरं, त्यांच्या आया कुठल्या कुठे, आणि एवढ्या लांब त्यांचे डोळे पुसायला म्हातारी मी एकटी. ज्याला आधी रडू येतं त्याचं भाग्य. उरलेल्याला आवरावं लागतं.

"गप्प बसा," मी म्हटलं. "दही काय पूजेला ठेवतात? खायलाच असतं. तिने लावलं ते तुम्ही खाल्लंत. दुसऱ्या कुणी खाल्लं असतं तर मी बघितलं असतं एकेकाला. पेले आणा."

ते दूध मी गरम केलं, साखर घातली आणि सगळ्यांना सारखं वाटलं. मुलाच्या हातात पेला दिला. तो उंटाच्या शेजारची खुर्ची ओढून बसला. उंटाचे हुंदके थांबत नव्हते. मुलाने त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि किती तरी दिवसांनी त्याच्या तोंडून शब्द निघाला.

"शू," तो म्हणाला.

पुढचं त्याच्याने म्हणवलं नाही.

निघताना पोरांनी गाडगं माझ्या पिशवीत घालून दिलं. भोवती तोच स्वेटर. लाटणंवालीने बरोबर भाकऱ्या बांधल्या. उंट सामान घेऊन आमच्यापुढे चालला आणि चौकटीपाशी आठवणीने वाकला. मी सगळ्या प्रवासभर गाडगं मांडीवर ठेवलं. रिकामंच, पण सवय असते.

घरी आल्यावर पुष्कळ दिवस दूध आलं, चहाला लागलं, संपलं. मी काही लावलं नाही. मग एकदा सकाळी उठले तर ओट्यावर भिंगरीचं गाडगं, झाकलेलं, भोवती स्वेटर. शेजारी दुकानातल्या दह्याचा डबा, एक चमचा कमी झालेला. मुलाने रात्री लावलं होतं. मला न विचारता. आयुष्यात त्याने दूध तापवलं नव्हतं.

मी झाकण काढलं. लागलं होतं. वर रेघ नाही, पाण्याचा थेंब नाही. मी चमचाभर खाल्लं. खोटं कशाला बोलू, दही चांगलं होतं. दुकानातल्या डब्याचं, कुणाचं कोण जाणे, कुठल्या कारखान्यातलं, आणि चांगलं होतं. तेच मला सोसेना. वाईट असतं तर मी चार शिव्या दिल्या असत्या आणि निभावलं असतं.

दोघं मायलेक जेवायला बसलो. मी त्याला वाढलं, मला घेतलं. शेवटचं उरलं तेव्हा माझ्या हाताने सवयीने चमचाभर वाटीत बाजूला काढलं. मी त्या वाटीकडे बघत बसले. मग तेही माझ्या ताटात घेतलं. आणि पोळीचा एक तुकडा मोडून गाडगं आतून पुसलं, तळापासून काठापर्यंत, गोल गोल. त्या तुकड्याचे दोन भाग केले. एक त्याला दिला.

त्याने तो हातात धरला. "आई, विरजणाला काढलंस का?"

"नाही," मी म्हटलं. "खा."